डाव्या पायाची रजा

"ऑटोमॅटिक घ्यायचं ठरवलंय. चांगली असते ना हो?"

पनवेलमध्ये राहून गाड्यांबद्दल चार अक्षरं लिहिणाऱ्या माणसाला हा प्रश्न वर्षातून दहा-बारा वेळा तरी ऐकावा लागतो. विचारणारे बहुधा पन्नाशीच्या आसपासचे. रोज सायन-पनवेल मार्गावरून जाऊन-येऊन डावा गुडघा कुरकुरू लागलेला, मुलगा पुण्याला असल्यामुळे महिन्यातून दोनदा घाट ठरलेला. मी उलट विचारतो, "कोणती ऑटोमॅटिक?" समोरचे काका बुचकळ्यात पडतात. "कोणती म्हणजे? ज्यात क्लच दाबावा लागत नाही ती!"

वाण्याकडे जाऊन नुसतं "तांदूळ द्या" म्हटलं, तर तो विचारणारच, की इंद्रायणी, कोलम की आंबेमोहोर? खिचडीचा वेगळा, पुलावाचा वेगळा. ऑटोमॅटिकचंही तसंच आहे. या एका शब्दामागे निदान पाच निरनिराळी यंत्रं दडलेली आहेत. त्यांच्यात सारखी गोष्ट एकच: डाव्या पायाला रजा. ती रजा कोण मंजूर करतं आणि डाव्या पायाचं काम कोणाच्या अंगावर पडतं, ते मात्र पाचांत पाच तऱ्हेचं.

१. मुळात गिअर हवाच कशाला?

पंक्चर झालेल्या चाकाचा नट आठवा. डिकीतल्या छोट्या पान्यानं तो जागचा हलत नाही. मग रस्त्याकडेचा पंक्चरवाला पान्याच्या दांड्यावर हातभर लांब पाइप चढवतो, आणि नट करकरत सुटतो. माणूस तोच, ताकद तीच, फक्त दांडा लांब झाला. बदल्यात हात मात्र मोठ्या वर्तुळातून फिरवावा लागतो आणि नट जरासाच फिरतो. जोर हवा असेल तर वेग सोडा, वेग हवा असेल तर जोर सोडा. गिअर म्हणजे एवढाच सौदा.

आता आकडे घेऊन बघू. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत आहे असं धरा. छोट्या गाडीच्या पहिल्या गिअरमध्ये, पुढचे सगळे दाते हिशेबात घेतले तर, इंजिनाच्या साधारण १४ फेऱ्यांमागे चाकाचा एक फेरा होतो. म्हणजे चाक मिनिटाला २१४ वेळा फिरलं. चाकाचा घेर सुमारे १.८५ मीटर. गुणाकार केला की वेग येतो ताशी २४ किलोमीटर. हेच इंजिन त्याच ३००० फेऱ्यांवर टॉप गिअरमध्ये घाला. तिथे तीन फेऱ्यांमागे चाकाचा एक फेरा. चाक मिनिटाला १००० वेळा फिरलं, वेग ताशी १११ किलोमीटर.

इंजिनाचा आवाज दोन्ही वेळा सारखाच, पण पहिल्या गिअरमध्ये चाकाला मिळणारा जोर इंजिनाच्या १४ पट आणि टॉपमध्ये अवघा तिप्पट. भाताण बोगद्यापर्यंतच्या सपाट रस्त्याला तिप्पट पुरतो. खोपोलीच्या पुढे घाट लागला की पुरत नाही, गाडी धापा टाकू लागते आणि आपण गिअर खाली आणतो.

२. क्लच नावाचा मध्यस्थ

इंजिनाची एक अडचण आहे. ते शून्यावर येऊ शकत नाही. मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांच्या खाली गेलं की बंद पडतं. चाकाला मात्र सिग्नलपाशी शून्यावर यावंच लागतं. एक थांबलेला आणि एक फिरणारा यांची गाठ घालून द्यायला मध्ये कोणीतरी हवं. तो मध्यस्थ म्हणजे क्लच.

दोन स्टीलच्या ताटल्या समोरासमोर धरल्या आहेत, एक फिरते आहे, दुसरी स्थिर. हळूहळू एकमेकींवर दाबत नेल्या तर आधी घासतील, मग दुसरीही फिरू लागेल, आणि शेवटी दोन्ही एकजीव फिरतील. मधल्या घासण्यालाच आपण 'हाफ क्लच' म्हणतो. त्या घासण्यात उष्णता होते, प्लेट झिजते. सुट्टीच्या शनिवारी घाटात वाहनांची रांग तुंबली की जो जळका वास येतो, तो याच ताटल्यांचा.

खारघर ते कळंबोली साधारण पाच किलोमीटर रांगत जायचं आहे आणि गाडी दर २० मीटरला थांबते आहे असं समजा. म्हणजे २५० वेळा थांबणं. प्रत्येक वेळी थांबताना एकदा आणि निघताना एकदा क्लच धरला, तर ५०० दाब. काकांचा गुडघा उगाच कुरकुरत नाही.

पुढचं सगळं प्रकरण एकाच प्रश्नाभोवती फिरतं: हे ५०० दाब डाव्या पायाने दिले नाहीत, तर ते कोणी द्यायचे?

३. पगारी नोकर

सगळ्यात सरळ उत्तर असं की काम तेच ठेवा आणि नोकर नेमा. गाडीतला गिअरबॉक्स नेहमीचाच, क्लच प्लेटही नेहमीची. फक्त क्लच दाबायला आणि गिअर सरकवायला विजेवर किंवा तेलाच्या दाबावर चालणारे यांत्रिक हात, आणि त्यांना हुकूम द्यायला एक छोटा संगणक. हीच एएमटी. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओ आणली, आणि भारतात ऑटोमॅटिक पहिल्यांदाच मध्यमवर्गाच्या हिशेबात बसली. त्याआधी ऑटोमॅटिक गाड्या नव्हत्या असं नाही. नव्वदच्या दशकात झेनसुद्धा ऑटोमॅटिक मिळत होती. पण ती घेणारे थोडे, आणि ती प्यायची भरपूर. २०१५ मध्ये टाटांनी नॅनोतही एएमटी बसवली.

एएमटी स्वस्त का, हे आता सांगायला नको. नवा गिअरबॉक्स बनवावाच लागत नाही. मॅन्युअल गाडीपेक्षा साधारण ५० हजार रुपये जास्त मोजले की काम होतं, आणि ॲव्हरेज जवळपास मॅन्युअलइतकंच राहतं, कारण ताकद मध्ये कुठे सांडत नाही.

मग लोक नाक का मुरडतात? झटक्यामुळे. मार्केट यार्डातला हमाल पाठीवर पोतं घेऊन चालला आहे. खांदा बदलायचा तर त्याला पोतं क्षणभर खाली टेकवावं लागतं. एएमटी दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना असंच करते: क्लच सोडवते, गिअर बदलते, क्लच पुन्हा जोडते. तेवढा अर्धा-पाऊण सेकंद चाकांना इंजिनाचा जोर मिळत नाही. गाडी श्वास रोखते आणि आतल्या माणसांच्या माना पुढे डुलतात. मॅन्युअल चालवतानाही हे होतच असतं, पण तेव्हा आपण स्वतः पाय उचललेला असतो, म्हणून ते जाणवत नाही. उपाय साधा आहे. गिअर बदलायची वेळ आली असं वाटलं की ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित सैल करायचा. आठवड्याभरात अंगवळणी पडतं आणि झटका निम्म्यावर येतो.

चढावरचा प्रश्न जास्त खरा आहे. ब्रेक दाबून गाडी थांबवली की एएमटी क्लच पूर्ण सोडवून बसते. ब्रेकवरून पाय काढला की नोकराला जागं व्हायला क्षण लागतो, आणि तेवढ्यात गाडी मागे घरंगळते. नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मागे टॅक्सी चिकटलेली असताना, हा क्षण फार लांब वाटतो. म्हणून 'हिल होल्ड' नावाची सोय बघून घ्या. तिच्यामुळे पाय उचलल्यावरही ब्रेक दोनेक सेकंद धरलेला राहतो. ती नसेल तर बिनदिक्कत हँडब्रेक वापरा. ॲक्सिलरेटर दाबून गाडी चढावर तोलून धरू नका. तो हाफ क्लचच आहे, फक्त पाय तुमचा नाही. प्लेट मात्र तुमच्याच पैशांची.

'स्वस्तातली ऑटोमॅटिक' म्हणून एएमटीला हिणवणाऱ्यांसाठी एक माहिती. व्होल्वोने २००१ मध्ये आपल्या अवजड ट्रकसाठी 'आय-शिफ्ट' नावाची प्रणाली आणली. बारा गिअर, आणि तत्त्व हेच, एएमटीचं. चाळीस टनांचं धूड ओढायचं असेल तेव्हा ताकदीचा थेंबही सांडून चालत नाही, म्हणून तिथे नोकरच परवडतो.

४. रवी आणि ताक

दुसरं उत्तर शोधणाऱ्यानं ताटल्याच काढून टाकल्या.

ताक घुसळताना बघा. रवी फिरते, तिच्याबरोबर ताक फिरू लागतं, आणि त्यात दुसरी एखादी पंखेदार वस्तू सोडली तर तीही गरगरते. रवीचा तिला स्पर्शसुद्धा नाही. जोर ताकातून पोचला. टॉर्क कन्व्हर्टर हेच करतो. तेलानं भरलेल्या एका बंद डब्यात समोरासमोर दोन पात्यांची चाकं. एक इंजिनाला जोडलेलं, दुसरं गिअरबॉक्सला. पहिलं तेल भिरकावतं, दुसरं त्या तेलाच्या माऱ्यानं फिरतं. तुम्ही ब्रेक दाबून दुसरं चाक रोखून धरलंत तरी पहिलं तेलात निवांत फिरत राहतं. घासायला काही नाहीच, तर जळणार काय?

या दोघांच्या मध्ये तिसरं, लहान पात्यांचं चाक असतं. दुसऱ्या चाकावर आपटून परतणारं तेल उलट्या दिशेनं येऊन पहिल्याला अडवू पाहतं. हे मधलं चाक त्या तेलाची दिशा वळवून त्याला पहिल्याच्या मदतीला लावतं, जसा कोणी झोपाळा परत येताना नेमका धक्का द्यावा. त्यामुळे गाडी जागची उठतानाचा जोर जवळपास दुप्पट होतो. चढावर भरलेली गाडी उचलताना हा दुप्पट जोर फार मोलाचा असतो.

ही कल्पना मोटारीसाठी जन्मलीच नव्हती. हेर्मान फ्योटिंगर हा जर्मन अभियंता जहाजांच्या कारखान्यात काम करत होता. वाफेची टर्बाइन भलत्याच वेगानं फिरे आणि जहाजाच्या पंख्याला तर संथ फिरायचं असे. दोघांची मोट बांधायला त्यानं १९०५ मध्ये तेलाच्या या युक्तीचं पेटंट घेतलं. आमच्या इथून न्हावा-शेव्याचं बंदर हाकेवर आहे. तिकडच्या कंटेनरच्या रांगेत ऑटोमॅटिक गाडी घेऊन अडकलो, की मला या जहाजवाल्याची आठवण येते. १९३९ मध्ये जनरल मोटर्सने 'हायड्रा-मॅटिक' आणली आणि पूर्ण ऑटोमॅटिक गाड्या मोठ्या संख्येनं विकल्या जाऊ लागल्या. तिच्यात तेलाची जोडणी होती, पण जोर वाढवणारं ते मधलं चाक नव्हतं. ते मोटारींत रुळायला पुढचं दशक उजाडलं.

डब्याच्या मागे जो गिअरबॉक्स असतो तोही निराळा. त्यात मधोमध एक 'सूर्य' चाक, त्याच्याभोवती फिरणारी 'ग्रह' चाकं आणि सगळ्यांना कवेत घेणारं दातेरी कडं. यातलं कोणतं थांबवायचं आणि कोणतं फिरू द्यायचं, यावरून गिअर ठरतो. दाते कायम एकमेकांत गुंतलेलेच राहतात, म्हणून बदल मऊ होतो.

खोट कुठे आहे? तेलातून जोर पाठवताना थोडा सांडतोच. जुन्या ऑटोमॅटिक गाड्या 'पितात' ही ख्याती त्यातूनच आली. आता गाडीनं वेग धरला की आतला एक छोटा क्लच दोन्ही चाकं घट्ट जोडून टाकतो आणि सांडणं थांबतं. त्यामुळे एक्स्प्रेस वेवर फरक फारसा उरत नाही. शहरातल्या रांगेत मात्र थोडं जास्त पेट्रोल जातं, आणि विकत घेताना लाखभर रुपये किंवा त्याहून जास्त मोजावे लागतात. चाकणला बनणारी महिंद्राची स्कॉर्पिओ-एन घ्या किंवा मारुतीची ब्रेझा, ऑटोमॅटिक मागितली की हाच प्रकार मिळतो.

५. ॲक्टिव्हात लपलेलं यंत्र

तुम्ही म्हणाल, मी आयुष्यात ऑटोमॅटिक चालवलेली नाही. मी विचारीन, ॲक्टिव्हा चालवली आहे का?

आपण जिला 'बिनगिअरची' म्हणतो, तिच्यात गिअर नसतात हे खरं नाही. असंख्य असतात. १९८४ मध्ये पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकने जपानच्या होंडाशी हातमिळवणी करून कायनेटिक होंडा आणली, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी मावश्या-आत्या पहिल्यांदा स्वतःच्या गाडीवर बसल्या. (त्याआधी १९७२ ची लूना होती. पण लूनात खरोखरच एकच गिअर होता, म्हणून चढावर पायडल मारावं लागे.) कायनेटिक होंडाच्या मागच्या चाकाशेजारी जो लांबट डबा होता, त्यात सीव्हीटी नावाचं यंत्र होतं, तेच आजच्या ॲक्टिव्हात.

भोवऱ्याला जाळी गुंडाळताना बघितलं आहे ना? टोकाजवळ वेढा लहान, वर पोटाशी मोठा. असे दोन भोवरे टोकाला टोक लावून ठेवले की मध्ये खाच तयार होते. त्या खाचेत पट्टा बसवा. भोवरे जवळ सरकले की पट्टा वर चढतो, वेढा मोठा होतो. लांब सरकले की पट्टा आत उतरतो, वेढा लहान होतो. अशी एक जोडी इंजिनाकडे आणि एक चाकाकडे. एक वेढा वाढला की दुसरा घटतो. पहिला, दुसरा, तिसरा अशा पायऱ्याच नाहीत. सगळा एक अखंड उतार. जिन्याऐवजी रॅम्प म्हणा.

स्कूटरमध्ये पट्टा रबराचा असतो, मोटारीत पोलादी कड्यांवर ओवलेल्या शेकडो पातळ तुकड्यांचा. मोटारीत ही युक्ती लोकांपुढे ठेवली नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने, १९५८ मध्ये, तीही रबरी पट्ट्यांवर. त्या गाड्या उलट्या दिशेनंही तितक्याच वेगानं धावू शकत. डच लोकांनी पुढे त्यांच्या रिव्हर्स शर्यती लावल्या, ही गोष्ट मला फार आवडते.

सीव्हीटीइतकी गुळगुळीत चालणारी दुसरी नाही. गिअर बदलल्याचं कळतच नाही, कारण बदलायला काही नाही. तक्रार आवाजाची. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन आधी एका सुरावर जाऊन बसतं आणि गाडी मागाहून तो वेग गाठते. रबर ताणून सोडल्यासारखं वाटतं. ॲक्टिव्हावर तीन जण बसून चढ चढताना जो एकसुरी घरघराट येतो, तोच इथेही. ज्यांना गाडी पळवायची हौस आहे, त्यांना हा प्रकार नकोसा होतो. आईवडिलांना घेऊन शांतपणे जाणाऱ्याला काही अडत नाही. होंडा सिटीची सीव्हीटी वर्षानुवर्षं चालवणारे माझ्या ओळखीत आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर एक निराळीच तृप्ती दिसते.

६. पालखीचे भोई

हमालाला पोतं टेकवावं लागतं. पालखीच्या भोयांना नाही. खांदा बदलायचा झाला की नवा भोई दांडीखाली आधी खांदा देतो आणि मगच जुना बाजूला होतो. पालखी टेकत नाही, देव हलत नाही.

ऑटोमॅटिकमधली भोयांची ही युक्ती म्हणजे डीसीटी. तिच्यात दोन क्लच असतात. एकाकडे १, ३, ५, ७ हे विषम गिअर, दुसऱ्याकडे २, ४, ६. गाडी दुसऱ्यात चालत असतानाच तिसरा गिअर टाकून तयार ठेवलेला असतो. वेळ आली की एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा धरतो. फोक्सवॅगनने २००३ मध्ये गोल्फ आर-३२ मधून ही रोजच्या गाडीत आणली आणि तिला डीएसजी नाव दिलं. आपल्याकडे चाकणच्या कारखान्यातल्या पोलो जीटीमध्ये २०१३ पासून ती मिळू लागली. एक्स्प्रेस वेवर ओव्हरटेक करायची मजा या गाडीत जी आहे ती वरच्या तिघींत नाही, हे मी मान्य करतो.

पण भोई कितीही कसलेले असोत, पालखी पाऊल-पाऊल पुढे-मागे करत तासभर उभी ठेवली तर त्यांचे खांदे भरून येणारच. दोन क्लच म्हणजे शेवटी ताटल्याच. रांगत्या रांगेत संगणकाला त्या सतत हाफ क्लचवर ठेवाव्या लागतात, त्यात चढ असला तर आणखीच. काही डीसीटींमध्ये ताटल्या कोरड्या असतात, काहींत तेलात बुडवलेल्या. तेलातल्या लवकर तापत नाहीत. टाटांनी २०२२ मध्ये अल्ट्रोझला ओली डीसीटी दिली, ती इथल्या रस्त्यांचा विचार करता शहाणपणाची निवड होती.

मघाची तांदळाची गोष्ट इथे पुन्हा आठवा. २०२१ मध्ये चाकणहून टायगुन बाहेर पडली, तेव्हा १ लिटर इंजिनाबरोबर सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर मिळत होता आणि १.५ लिटरबरोबर सात गिअरची डीएसजी. कारखाना एक, गाडीचं नाव एक, माहितीपत्रकावर दोन्हीकडे शब्द 'ऑटोमॅटिक', आणि आत रवी की भोई, ते इंजिनावर ठरणार.

विजेच्या गाड्यांचं दोन ओळींत उरकतो. विजेची मोटार शून्यापासूनच पूर्ण जोर देते आणि थांबली तरी 'बंद पडत' नाही, म्हणून तिला क्लचही नको आणि बदलते गिअरही नकोत. एकच गिअर, लूनासारखा, पण पायडल न मारता. इनोव्हा हायक्रॉससारख्या हायब्रिड गाड्यांवर 'ई-सीव्हीटी' असं लिहितात. त्यात पट्टा वगैरे काही नसतो. दोन विजेच्या मोटारी आणि एक सूर्य-ग्रह चाकांचा संच मिळून हिशेब सांभाळतात.

७. खोपोलीकडे उतरताना

आतापर्यंत सगळी चर्चा चढाची आणि रांगेची झाली. ऑटोमॅटिकवाल्यांची खरी परीक्षा परतीच्या वाटेवर होते, आणि त्याबद्दल शोरूममध्ये सहसा कोणी बोलत नाही.

लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण ६२० मीटरवर आहे, खोपोली ६०-७० मीटरवर. म्हणजे गाडी सुमारे ५५० मीटर खाली येते. पाच माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन १४०० किलो धरू. एवढं वजन एवढ्या उंचीवरून खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते ती वीजबिलाच्या भाषेत दोन युनिटांच्या थोडी वर भरते. दोन हजार वॉटचा गीझर तासभर चालू ठेवा, तेवढी. काही भाग वारा आणि रस्ता खाऊन टाकतो. उरलेली कुठेतरी गेलीच पाहिजे. तुम्ही फक्त ब्रेकवर उतरत असाल, तर तो गीझर तुमच्या चार चाकांमधल्या ब्रेकमध्ये चालू आहे. ब्रेक अति तापले की पकड सोडू लागतात, आणि ते कळतं नेमकं वळणावर.

मॅन्युअलवाला ड्रायव्हर गाडी दुसऱ्या-तिसऱ्यात ठेवतो. चाकंच इंजिनाला फिरवू लागतात आणि इंजिन त्यांना मागे ओढतं. ऑटोमॅटिकवाले 'डी'वर ठेवून निर्धास्त बसतात. 'डी'मधली गाडी पेट्रोल वाचवण्यासाठी वरचा गिअर धरून ठेवू पाहते आणि मोकळी सुटते. म्हणून घाटाच्या तोंडाशीच गिअर खाली आणून ठेवायचा. एएमटीत 'एम' करून दुसरा किंवा तिसरा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये 'एल' किंवा स्टिअरिंगमागची पट्टी. सीव्हीटीत 'एस' किंवा 'एल', हायब्रिडमध्ये 'बी'. प्रत्येक गाडीत अक्षर वेगळं असू शकतं, पण सोय बहुतेकींत असते आणि ती माहितीपुस्तिकेत लिहिलेली असते. ही पुस्तिका डॅशबोर्डच्या खणात प्लॅस्टिकच्या पिशवीतच जन्म काढते, हा भाग वेगळा.

उतारावर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवायची जुनी खोड अजून गेलेली नाही. आजच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत तर हिशेब उलटाच आहे. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाचं पेट्रोल बंद होतं, कारण त्याला चाकंच फिरवत असतात. न्यूट्रल टाकलात की चालू राहण्यासाठी त्याला पेट्रोल प्यावं लागतं. म्हणजे पैसेही गेले आणि ब्रेकही तापले.

विजेच्या गाडीवाल्यांना इथे फायदा आहे. मोटार उलटी जनित्रासारखी चालते आणि त्या दोन युनिटांतला काही वाटा बॅटरीत परत येतो. फक्त लोणावळ्यात बॅटरी शंभर टक्के भरून लगेच घाट उतरू नका. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी मावत नाही, तशी ही वीज ठेवायला जागा उरत नाही, आणि भार पुन्हा साध्या ब्रेकवर येतो.

८. मग काकांनी कोणती घ्यावी?

काकांना मी जे सांगितलं तेच इथे सांगतो.

पनवेलकराच्या नशिबात तीन रस्ते असतात: कळंबोलीची रांग, एक्स्प्रेस वेची सरळ धाव आणि घाट. यांपैकी सरळ धावेत सगळेच प्रकार उत्तम चालतात, तिच्यावरून निवड करू नये. रांग आणि चढ यांवरून करावी. ज्यांचं महिन्यातून दोनदा पुणे ठरलेलं आहे, घरात चार-पाच माणसं आहेत आणि गाडी आठ-दहा वर्षं वापरायची आहे, त्यांनी थोडे पैसे जास्त घालून टॉर्क कन्व्हर्टर घ्यावा. पिकअप थोडा आळशी वाटेल, पेट्रोल थोडं जास्त जाईल, पण चढावरच्या रांगेत निर्धास्त राहाल. गाडी नवीन पनवेल ते खांदेश्वर स्टेशन आणि बाजारहाट एवढीच फिरणार असेल, तर त्यासाठी लाखभर वेगळे घालण्यात अर्थ नाही. एएमटी बेलाशक घ्या. चालवण्याची हौस असलेल्यांना डीसीटी आवडेल, तरीही रोज रांगेत तासभर जाणार असेल तर मी तरी ओल्या क्लचचीच घेईन. शांत स्वभावाच्या, मुख्यतः सपाटीवर फिरणाऱ्या माणसाला सीव्हीटी. आणि शोरूममध्ये 'आयएमटी' ऐकलंत तर गल्लत करू नका. २०२० पासून ह्युंदाई-कियाच्या काही गाड्यांत ती आली. त्यात क्लचचं पायडल नसतं, पण गिअर हातानंच टाकावा लागतो. पायाला रजा, हाताला नाही.

टेस्ट ड्राइव्हला विक्रेता तुम्हाला बहुधा मोकळ्या, सपाट रस्त्यावर नेईल आणि एसी किती गार आहे ते सांगेल. त्याला नम्रपणे सांगा, की भाऊ, जवळच्या उड्डाणपुलाच्या चढावर चल. मागे कोणी नाही असं बघून अर्ध्या चढावर गाडी पूर्ण थांबवा. मग ब्रेकवरून पाय उचला, ॲक्सिलरेटरला हात लावू नका, म्हणजे पाय लावू नका, आणि मनात एक, दोन, तीन मोजा. गाडी पुढे सरकते, जागेवर राहते की मागे येते, ते बघा. मगच टोकनचे पैसे द्या.